रिचर्ड हॅमिंग

रिचर्ड वेस्ली हॅमिंग (११ फेब्रुवारी, १९१५, शिकागो - ७ जानेवारी, १९९८, मॉंटेरे, कॅलिफोर्निया) हे अमेरिकन गणितज्ञ आणि संगणकशास्त्रज्ञ होते. साठवलेल्या किंवा पाठवलेल्या माहितीत शिरलेली चूक माणसाच्या मदतीवाचून यंत्रानेच शोधावी आणि दुरुस्तही करावी, यासाठी त्यांनी शोधलेली पद्धत हॅमिंग संकेत या नावाने ओळखली जाते. दोन संकेतशब्दांमधील फरक मोजण्याचे हॅमिंग अंतर, संदेशांच्या विश्लेषणात वापरली जाणारी हॅमिंग खिडकी आणि संकेतांच्या क्षमतेची हॅमिंग मर्यादा या संकल्पनांनाही त्यांचे नाव आहे. संगणकशास्त्रातील ट्युरिंग पुरस्कार त्यांना १९६८ साली मिळाला. आजच्या सर्व्हरची स्मृती, हार्ड डिस्कचे संच आणि त्यांच्या आधारावर चालणारी व्हर्च्युअल मशीन यांतील माहिती सुरक्षित ठेवण्याच्या बहुतेक पद्धतींचा माग काढत गेल्यास तो हॅमिंग यांच्या १९५० सालच्या एका शोधनिबंधापर्यंत पोहोचतो.

बालपण आणि शिक्षण

हॅमिंग यांचा जन्म शिकागो शहरात झाला आणि त्यांचे शालेय शिक्षणही तेथेच झाले. त्यांना अभियंता व्हायचे होते. परंतु जागतिक महामंदीच्या त्या काळात घरची आर्थिक स्थिती बेताची होती आणि शिष्यवृत्ती देऊ केली ती एकट्या शिकागो विद्यापीठाने. त्या विद्यापीठात अभियांत्रिकीचा विभागच नव्हता. त्यामुळे त्यांनी गणित हा विषय घेतला आणि १९३७ साली पदवी मिळवली. पुढे नेब्रास्का विद्यापीठातून १९३९ साली पदव्युत्तर पदवी आणि इलिनॉय विद्यापीठातून १९४२ साली डॉक्टरेट असे त्यांचे शिक्षण झाले. प्रबंधाचा विषय रेषीय विकलक समीकरणांशी संबंधित, म्हणजे शुद्ध गणिताचा होता. इलिनॉयमध्ये असतानाच जॉर्ज बूल यांचा तर्कशास्त्रावरील ग्रंथ त्यांच्या वाचनात आला. खरे आणि खोटे या दोनच मूल्यांवर उभे असलेले ते बीजगणित पुढे त्यांच्या कामाचा पाया ठरले.

सप्टेंबर १९४२ मध्ये त्यांचा विवाह वांडा लिटल यांच्याशी झाला. वांडा यांनी नुकतीच इंग्रजी साहित्यात पदव्युत्तर पदवी मिळवली होती. काही काळ इलिनॉय आणि नंतर केंटकी राज्यातील लुईव्हिल येथे हॅमिंग यांनी अध्यापन केले.

लॉस अ‍ॅलामॉस

एप्रिल १९४५ मध्ये हॅमिंग न्यू मेक्सिकोतील लॉस अ‍ॅलामॉस येथे अणुबॉम्ब प्रकल्पावर रुजू झाले. हान्स बेथे यांच्या विभागात आयबीएमची पंचकार्डांवर चालणारी गणनयंत्रे होती. भौतिकशास्त्रज्ञांनी दिलेली समीकरणे या यंत्रांवर सोडवून घेणे, यंत्रे अडखळू न देता चालू ठेवणे हे त्यांचे काम होते. थोड्याच दिवसांत वांडा हॅमिंगही तेथे आल्या आणि हाताने आकडेमोड करणाऱ्या गणकांमध्ये सामील झाल्या. हॅमिंग स्वतःच्या या कामाकडे यंत्रांची देखभाल करणाऱ्या सेवकाचे काम म्हणून पाहत असत. फर्मी, फाइनमन, टेलर, ओपेनहाइमर यांच्यासारखी माणसे रोज जवळून पाहायला मिळत. ही माणसे आपल्याहून वेगळे काय करतात, हा प्रश्न त्यांच्या मनात तेथे उभा राहिला आणि तो आयुष्यभर टिकला.

बॉम्बच्या पहिल्या चाचणीपूर्वी त्यांच्याकडे काही आकडेमोड तपासणीसाठी आली. स्फोटामुळे पृथ्वीचे वातावरणच पेट घेईल काय, याचे उत्तर त्या गणितात दडलेले होते. हॅमिंग यांनी आकडेमोड तपासली आणि ती बरोबर निघाली. मात्र तीत वापरलेली प्राणवायू आणि नत्र यांसंबंधीची सूत्रे तपासण्याचे साधन त्यांच्याकडे नव्हते, कारण तितक्या उच्च ऊर्जेला प्रयोगच झालेले नव्हते. १६ जुलै १९४५ रोजी चाचणी झाली आणि वातावरण शाबूत राहिले. गणित अचूक असणे आणि गणितात घातलेली माहिती विश्वसनीय असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यांनी त्या प्रसंगात फार मोठी किंमत पणाला लागलेली असताना पाहिले. अखेरच्या वर्षांत लिहिलेल्या एका लेखात ते पुन्हा या प्रसंगाकडे वळले.

बेल प्रयोगशाळा

१९४६ साली हॅमिंग न्यू जर्सीतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेत दाखल झाले. या प्रवासासाठी त्यांनी लॉस अ‍ॅलामॉसमधील क्लाउस फुक्स यांची जुनी मोटार विकत घेतली होती. फुक्स सोव्हिएत संघाचे हेर असल्याचे पुढे उघड झाले. हॅमिंग यांनी ती गाडी त्याच सुमारास विकलेली असल्याने अमेरिकेच्या तपास यंत्रणेने त्यांचीही चौकशी केली.

बेल प्रयोगशाळेच्या गणित विभागात त्या वेळी क्लॉड शॅनन, ब्रॉकवे मॅकमिलन आणि डोनाल्ड लिंग हे साधारण एकाच वयाचे तरुण होते. हॅमिंग काही काळ शॅनन यांच्याबरोबर एकाच खोलीत बसत. त्यांची नेमणूक स्थितिस्थापकतेच्या सिद्धांतावर काम करण्यासाठी झाली होती, परंतु त्यांचा पुष्कळसा वेळ गणनयंत्रांवरच जाऊ लागला. त्या काळच्या गणितज्ञांमध्ये यंत्रावर आकडेमोड करणे फारसे प्रतिष्ठेचे समजले जात नसे.

प्रयोगशाळेने बांधलेल्या मॉडेल ५ या यंत्रात सुमारे ९,००० रिले होते. रिले म्हणजे विजेने उघडझाप करणारी कळ. धुळीचा कण अडकला किंवा संपर्कबिंदू झिजला की एखादी कळ चुकत असे. यंत्राची रचना करणाऱ्यांनी याचा विचार केलेला होता. प्रत्येक अंकासाठी ठरलेल्या रिलेंपैकी ठरावीक संख्येचेच रिले चालू असले पाहिजेत अशी व्यवस्था होती. ती संख्या जुळली नाही की यंत्र थांबे. कामाच्या दिवशी दिवे लागत, कर्मचारी येऊन दोष काढत आणि गणित पुढे सुरू होई. सुट्टीच्या दिवशी मात्र कोणी हजर नसे. तेव्हा यंत्र चुकलेले गणित सोडून देई आणि रांगेतील पुढचे काम हाती घेई.

हॅमिंग यांना यंत्र मिळे ते शनिवार-रविवारी. १९४७ साली एका सोमवारी त्यांनी येऊन पाहिले तर त्यांचे गणित सुरुवातीलाच सोडून दिले गेले होते आणि हाती काहीच आले नव्हते. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसेच घडले. त्या उत्तरांची वाट पाहत असलेल्या सहकाऱ्यांना तोंड देणे त्यांना भाग होते. यंत्राला चूक झाल्याचे समजत असेल, तर ती नेमकी कोठे झाली हे त्याला का समजू नये आणि समजल्यास ती त्याने स्वतःच का सुधारू नये, असा प्रश्न त्यांना या वैतागातून पडला. चूक ओळखण्याच्या युक्त्या तेव्हा इतरांनाही ठाऊक होत्या. हॅमिंग यांनी मागितली ती दुरुस्ती.

संकेताची रचना

सर्वांत सोपा उपाय म्हणजे प्रत्येक गोष्ट तीनदा करणे आणि बहुमत मानणे. हॅमिंग यांना तो परवडणारा नव्हता. तिप्पट यंत्रसामग्री कोणी दिली नसती. मग त्यांनी बिट आयताच्या आकारात मांडून पाहिले. प्रत्येक आडव्या ओळीला आणि प्रत्येक उभ्या स्तंभाला एकेक तपासणी बिट जोडायचा आणि त्या ओळीतील १ या अंकांची संख्या सम राहील असे पाहायचे. एखादा बिट बिघडला तर एक ओळ आणि एक स्तंभ विषम होतात, आणि ते जेथे छेदतात तेथे चूक असते. कंपनीच्या टपालगाडीतून न्यू यॉर्कला जात असताना त्यांना सुचले की आयताऐवजी त्रिकोण घेतल्यास तपासणी बिट कमी लागतील. त्रिकोणाहून घन बरा, आणि घनाहून अधिक मितींची आकृती आणखी बरी. अशा रीतीने मिती वाढवत नेल्यावर शेवटी त्यांच्या हाती जी रचना आली ती अत्यंत साधी होती.

सात बिटांची एक ओळ घ्यावी. १, २ आणि ४ या क्रमांकांच्या जागा तपासणीसाठी राखून ३, ५, ६ आणि ७ या जागी माहितीचे चार बिट ठेवावेत. पहिला तपासणी बिट १, ३, ५, ७ या जागांवर लक्ष ठेवतो, दुसरा २, ३, ६, ७ या जागांवर आणि तिसरा ४, ५, ६, ७ या जागांवर. प्रत्येक गटात १ या अंकांची संख्या सम असली पाहिजे. माहिती १०११ अशी असल्यास पूर्ण संकेतशब्द ०११००११ असा होतो. आता सहावा बिट बिघडून ०११०००१ असे वाचले गेले, तर पहिला गट समच राहतो, पण दुसरा आणि तिसरा गट विषम होतो. विषम झालेल्या गटांच्या तपासणी जागांचे क्रमांक, म्हणजे २ आणि ४, यांची बेरीज ६ येते. चुकीचा पत्ताच यंत्राच्या हाती येतो. तेथील ० चा १ केला की मूळ शब्द परत मिळतो.

या रचनेत काहीही वाया जात नाही. तीन तपासण्यांची मिळून आठ उत्तरे संभवतात. त्यांपैकी सात उत्तरे सात जागा दाखवतात आणि आठवे उत्तर सर्व काही ठीक असल्याचे सांगते. शब्द जितका लांब, तितका हा उपाय स्वस्त होत जातो: ४ बिटांसाठी ३ तपासणी बिट लागतात, तर ६४ बिटांसाठी केवळ ७.

एका गृहीतकावर मात्र हे सारे उभे आहे. एका शब्दात एकाहून अधिक चुका होणार नाहीत, असे त्यात धरलेले आहे. वरील उदाहरणात तिसरा आणि सहावा असे दोन बिट बिघडले तर तपासणी ५ हा क्रमांक दाखवते. यंत्र तो निर्दोष बिट बदलते आणि दोनाच्या तीन चुका होतात, तरीही शब्द दिसायला शुद्ध असतो. हॅमिंग यांना हा धोका माहीत होता. संपूर्ण शब्दासाठी आणखी एक तपासणी बिट जोडला की दोन चुका झाल्याचे निदान ओळखता येते. दुरुस्ती होत नाही, पण चुकीची दुरुस्तीही होत नाही.

याच विवेचनासाठी त्यांनी अंतराची कल्पना मांडली. समान लांबीचे दोन शब्द जितक्या जागी भिन्न असतील, तितके त्यांच्यातील अंतर. कोणतेही दोन वैध शब्द एकमेकांपासून किमान ३ अंतरावर असतील तर एक चूक दुरुस्त करता येते. अंतर ४ असेल तर एक दुरुस्त करता येते आणि दोन ओळखता येतात. या एका व्याख्येमुळे यंत्रातील बिघाडाचा प्रश्न भूमितीचा प्रश्न झाला, आणि गणितज्ञांना त्यात रस घेण्यासारखे काही दिसू लागले.

प्रसिद्धी, पेटंट आणि श्रेय

हॅमिंग यांचा शोधनिबंध बेल प्रयोगशाळेच्या तांत्रिक नियतकालिकात एप्रिल १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. शोध लागून तेव्हा दोनतीन वर्षे लोटली होती. पेटंटचा अर्ज दाखल होईपर्यंत तो छापण्यास प्रयोगशाळेची परवानगी नव्हती. गणिती सूत्रांचे पेटंट मिळू शकेल यावर हॅमिंग यांचा विश्वास नव्हता, परंतु बर्नार्ड होलब्रुक यांच्यासह त्यांच्या नावे ते १९५१ साली मंजूर झाले.

या विलंबाची किंमत श्रेयाच्या रूपात मोजावी लागली. शॅनन यांनी माहितीच्या सिद्धांतावरील आपल्या १९४८ सालच्या प्रसिद्ध निबंधात सात बिटांचा संकेत उदाहरणादाखल दिला होता आणि तो हॅमिंग यांचा असल्याचे नमूद केले होते. ते उदाहरण वाचून मार्सेल गोले यांनी त्याचे व्यापक रूप शोधले आणि १९४९ सालीच छापले. त्यातच तीन चुका दुरुस्त करणारा २३ बिटांचा संकेतही होता. पहिले कोण, यावर पुढे बराच वाद झाला. छपाईची तारीख गोले यांच्या बाजूने आहे. परंतु ज्या उदाहरणातून गोले यांनी सुरुवात केली ते हॅमिंग यांचे होते, हेही तितकेच खरे आहे.

या निबंधानंतर संकेतन सिद्धांत ही स्वतंत्र शाखा झपाट्याने वाढली. अनेक चुका दुरुस्त करणारे संकेत १९५९ साली फ्रान्समध्ये होकेंघेम यांनी आणि १९६० साली भारतीय गणितज्ञ राज चंद्र बोस व द्विजेंद्र कुमार राय-चौधुरी यांनी स्वतंत्रपणे शोधले. १९६० सालीच आयर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी बिटांच्या सलग गटातील बिघाड सहन करणारा संकेत मांडला.

माहितीच्या साठवणुकीतील उपयोग

आयबीएमने बांधलेल्या स्ट्रेच या महासंगणकात स्मृतीतील प्रत्येक ६४ बिटांमागे ८ तपासणी बिट होते. त्याचा पहिला नमुना १९६१ साली लॉस अ‍ॅलामॉस येथे बसवण्यात आला. हॅमिंग यांनी पंचकार्डांची यंत्रे सांभाळली होती त्याच ठिकाणी त्यांचा संकेत असा परतला. ६४ ला ८ हे प्रमाण आजही सर्व्हरच्या स्मृतीत रूढ आहे. एक चूक निमूटपणे दुरुस्त होते, दोन झाल्यास यंत्र तसे कळवते.

डिस्कच्या बाबतीत कथा थोडी वेगळी आहे. १९८८ साली बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडून विश्वसनीय साठा उभारण्याची रेड नावाची पद्धती मांडली. तिच्या दुसऱ्या स्तरात हॅमिंग संकेताचाच वापर होता: माहितीच्या १० डिस्कना ४ तपासणी डिस्क, २५ डिस्कना ५. हा स्तर व्यवहारात टिकला नाही. कारण हॅमिंग संकेताचा बराचसा खर्च चूक कोठे आहे हे शोधण्यावर होतो. डिस्क बंद पडली तर ती कोणती हे नियंत्रकाला आधीच कळलेले असते. जागा ठाऊक असेल तर एकच तपासणी डिस्क पुरते. हे तत्त्व हॅमिंग यांच्याच अंतराच्या व्याख्येतून निघते: किमान अंतर ३ असेल तर अज्ञात जागेची एक चूक सुधारता येते, पण ज्ञात जागेचे दोन बिट हरवले तरी ते परत मिळवता येतात.

व्हर्च्युअल मशीनच्या युगात या गणिताला नवे महत्त्व आले. हॅमिंग यांनी स्वतः या विषयावर काम केलेले नाही. परंतु व्हर्च्युअल मशीनची संपूर्ण डिस्क ही प्रत्यक्षात यजमान यंत्राच्या साठ्यातील बहुधा एक मोठी फाइल असते आणि एकाच साठ्यावर अशी अनेक मशीन नांदत असतात. पूर्वी एक डिस्क गेली की एक संगणक बंद पडे. आता त्याच बिघाडात डझनभर सर्व्हर एकदम जाऊ शकतात. म्हणून अशा साठ्यात माहितीच्या दोन किंवा तीन प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवतात. तीन प्रतींची ही पद्धत म्हणजे हॅमिंग यांनी महाग म्हणून बाजूला ठेवलेलाच उपाय होय. डिस्क स्वस्त झाल्यामुळे तो परत आला. जेथे जागा वाचवायची असते तेथे माहितीचे चार तुकडे करून त्यांना रीड-सॉलोमन संकेताचे दोन तुकडे जोडतात. सहांपैकी कोणतेही दोन नाहीसे झाले तरी सर्व माहिती परत मिळते आणि तिप्पट जागेऐवजी दीडपट जागा पुरते.

डिस्क बंद न पडता चुकीची माहिती वाचून देते तेव्हा मात्र प्रश्न पुन्हा १९४७ सालच्या जागी येतो, कारण चुकीची जागा आता ठाऊक नसते. केवळ दोन प्रती असतील तर त्यांतील खरी कोणती हे ठरवता येत नाही. त्यासाठी झेडएफएससारख्या प्रणाली प्रत्येक खंडासोबत तपासणी बेरीज ठेवतात आणि जिची बेरीज जुळते ती प्रत खरी मानतात.

या सर्व पद्धतींना एक मर्यादा आहे आणि ती अनेकदा दुर्लक्षिली जाते. संकेत यंत्राची चूक सुधारतो, माणसाची नाही. चुकून पुसलेली फाइल, सदोष प्रणालीने लिहिलेली नोंद किंवा खंडणीखोर व्हायरसने कुलूपबंद केलेली डिस्क ही संकेताच्या दृष्टीने शुद्ध माहितीच असते, आणि ती तितक्याच निष्ठेने प्रत्येक प्रतीत उतरवली जाते. त्याच साठ्यावर ठेवलेले स्नॅपशॉटही साठ्याबरोबर नष्ट होतात. त्यामुळे रेड किंवा अनेक प्रती असल्या तरी अन्यत्र ठेवलेल्या, आणि परत आणून पडताळलेल्या, बॅकअपची गरज संपत नाही.

इतर कार्य

१९५६ साली हॅमिंग यांनी रूथ वाइस यांच्यासह आयबीएम ६५० या संगणकासाठी एल२ ही भाषा तयार केली. आरंभीच्या संगणक भाषांपैकी ती एक होती. पुढे फोरट्रानने तिची जागा घेतली. संकेतांच्या वर्णपटाचे मापन करताना वापरली जाणारी, ०.५४ आणि ०.४६ हे गुणक असलेली हॅमिंग खिडकी आजही ध्वनी विश्लेषणात रूढ आहे. संख्यात्मक पद्धतींवरील त्यांचा ग्रंथ १९६२ साली प्रसिद्ध झाला. संगणकाने आकड्यांचे ढीग रचण्यापेक्षा विषयाची समज वाढवावी, हा त्या ग्रंथाचा रोख होता. १९५८ ते १९६० या काळात ते संगणकशास्त्रज्ञांच्या एसीएम या संघटनेचे अध्यक्ष होते.

त्यांचा स्वभाव फटकळ होता. जेवणाच्या सुट्टीत रसायनशास्त्रज्ञांच्या टेबलावर जाऊन ते त्यांच्या क्षेत्रातील महत्त्वाचे प्रश्न कोणते असे विचारत, आणि नंतर ते त्यांच्यावर काम का करत नाहीत असे विचारत. काही दिवसांनी त्या टेबलावर त्यांचे स्वागत होईनासे झाले. लॉस अ‍ॅलामॉसमध्ये पडलेला प्रश्न त्यांनी सोडला नव्हता. मार्च १९८६ मध्ये संशोधकांसमोर दिलेले त्यांचे एक व्याख्यान याच विषयावर होते आणि ते आजही जगभर वाचले जाते.

अध्यापन आणि निधन

१९७६ साली बेल प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन हॅमिंग मॉंटेरे येथील नौदलाच्या पदव्युत्तर संस्थेत शिकवू लागले. संकेतन, अंकीय फिल्टर आणि संभाव्यता यांवरील ग्रंथ त्यांनी या सुमारास लिहिले. विज्ञान आणि अभियांत्रिकी करण्याच्या कलेवरील व्याख्यानांचा ग्रंथ १९९७ साली आला. शेवटचे व्याख्यान त्यांनी डिसेंबर १९९७ मध्ये दिले आणि काही आठवड्यांतच, ७ जानेवारी १९९८ रोजी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

सन्मान

१९६८ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळवणारे ते तिसरे शास्त्रज्ञ होते. त्यांच्यापूर्वी अ‍ॅलन पर्लिस आणि मॉरिस विल्क्स यांना तो मिळाला होता. १९८० साली ते अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीचे सदस्य झाले. आयईईई या संघटनेने त्यांच्या नावे पदक सुरू केले आणि १९८८ साली पहिले पदक त्यांनाच दिले. पुढच्या वर्षी ते आयर्व्हिंग रीड यांना मिळाले.